अंथरूण धरण्याचा इतिहास

१९६६ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस शहरात, वीस वर्षांचे पाच तरुण अंथरुणात जाऊन पडले. पाचही जण ठणठणीत. दोघं नियमित व्यायाम करणारे, तिघं तुमच्या-आमच्यासारखे. कुणाला ताप नव्हता, कुणाचं हाड मोडलेलं नव्हतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं की तीन आठवडे उठायचं नाही.

तो काळ अंतराळस्पर्धेचा होता. अंतराळात माणसाच्या पायांवर भार येत नाही, मग शरीराचं काय होतं, हे शास्त्रज्ञांना हवं होतं. जमिनीवर त्याच्या जवळ जाणारी अवस्था म्हणजे सतत आडवं पडून राहणं. स्वीडनहून आलेले बेंग्ट सॉल्टिन आणि डॅलसमधले त्यांचे सहकारी या पाच जणांची मोजमापं घेत होते.

त्यातलं मुख्य माप आज कदाचित तुमच्या मनगटावरही असेल. स्मार्टवॉचमध्ये 'व्हीओटू मॅक्स' नावाचा एक आकडा दिसतो. पार दमेपर्यंत पळालात, तर तुमचं शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा तो अंदाज. इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल १९२०च्या दशकात पाठीवर पिशवी बांधून स्वतः पळायचे आणि सोडलेला श्वास त्या पिशवीत गोळा करून हे मोजायचे. फुप्फुसं, हृदय, रक्त आणि स्नायू ही सगळी साखळी मिळून किती काम करू शकते, ते या एका आकड्यात येतं.

तीन आठवड्यांनी त्या पाच जणांचा हा आकडा सरासरी २६ टक्क्यांच्या आसपास घसरला होता. म्हणजे पाव ताकद गेली. हृदयाचा आकार कमी झाला, दर ठोक्याला ते पूर्वीपेक्षा कमी रक्त ढकलू लागलं. हे सगळं विशीतल्या निरोगी शरीरांत, तेही तीन आठवड्यांत. मग त्यांच्याकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला, तेव्हा आकडा मूळ पातळीवर आला आणि सरासरी तिच्याही पुढे गेला.

हा प्रयोग आता वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचं खरं उत्तर मात्र तीस वर्षांनी मिळालं. त्याआधी अंथरुणाची गोष्ट सांगायला हवी.

पडून राहा, बरं वाटेल

मराठीत एखाद्याने 'अंथरूण धरलं' असं म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. तरीही कुणी आजारी पडलं की आपलं पहिलं वाक्य असतं, "तू पडून राहा." अंथरूण हे आपल्याला एकाच वेळी औषधही वाटतं आणि शेवटाची सुरुवातही.

डॉक्टरांचंही फार काळ तसंच होतं. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यवैद्याने १८६०च्या सुमाराला विश्रांतीवर व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक झालं आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते वाचून मोठ्या झाल्या. दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्यावी, हे बरोबरच होतं. पुढे मात्र विश्रांती जवळजवळ प्रत्येक दुखण्याचा उपचार झाली. बाळंतपण झालं, पडून राहा. ऑपरेशन झालं, पडून राहा.

सगळ्यांत कडक नियम हृदयविकाराच्या झटक्यासाठी होता. १९३०च्या दशकात शवविच्छेदनांतून दिसलं, की हृदयाच्या मेलेल्या भागाच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यावरून रोग्याने तेवढे दिवस हलायचं नाही, असं ठरलं. अनेक ठिकाणी त्याला स्वतःच्या हाताने जेवूही देत नसत. दाढी दुसरा करणार, कूस दुसरा बदलणार. यातले कित्येक जण मूळ झटक्यातून वाचायचे आणि पायाच्या शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन दगावायचे.

दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्या, रोग्यांना लवकर उठवावं लागलं, आणि लवकर उठलेले लवकर बरे होताना दिसले. १९४७ मध्ये लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयातले रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. विषय होता, अंथरुणात जाण्याचे धोके. त्यांनी एकेक अवयव घेऊन सांगितलं. फुप्फुसात कफ साचतो, शिरांत रक्त गोठतं, पाठीची कातडी सडते, स्नायू वाळतात, हाडांतला कॅल्शियम निघून जातो, आणि शेवटी माणसाचं मनही खाटेवरून उठायला तयार होत नाही.

१९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या ८१ रोग्यांना लवकरच खाटेवरून काढून आरामखुर्चीत बसवलं. फक्त बसवलं. त्या काळात तेवढंही धाडस होतं, इतर डॉक्टर संतापले. पण खुर्चीतले रोगी सुधारत होते. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे सल्लागार डॉ. पॉल डडली व्हाइट हे हालचालीचे पुरस्कर्ते होते. वर्षभरात अध्यक्ष गोल्फ खेळत होते, पुढे निवडणूकही जिंकले. झटका आला म्हणजे माणूस कायमचा कामातून गेला, ही समजूत त्यानंतर पूर्वीसारखी पक्की राहिली नाही.

आजारी माणसासाठी अंथरूण वाईट असू शकतं, एवढं लक्षात येऊ लागलं होतं. निरोगी माणसाने आयुष्यभर बसून काम केलं तर काय होतं, हा प्रश्न अजून बाकी होता. त्याचं उत्तर डबल-डेकर बसच्या जिन्यावर सापडलं.

जिना चढणारा आणि स्टिअरिंग धरणारा

जेरेमी मॉरिस १९१० साली लिव्हरपूलमध्ये स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मले आणि ग्लासगोत वाढले. महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून भारतात आणि ब्रह्मदेशात होते. परत गेल्यावर १९४८ मध्ये सामाजिक वैद्यकाच्या संशोधनाचं एक केंद्र सुरू झालं, त्याचे ते प्रमुख झाले. ते केंद्र सेंट्रल मिडलसेक्समध्येच होतं, म्हणजे ॲशर यांच्याच रुग्णालयात.

त्या वर्षांत ब्रिटनमध्ये हृदयविकार साथीसारखा वाढत होता आणि कारण कळत नव्हतं. कामाच्या स्वरूपाशी त्याचा संबंध असेल का, हे मॉरिस यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांना असे लोक हवे होते, ज्यांची वस्ती, पगार, पाळ्या साधारण सारख्या असतील, पण एक गट बसून काम करेल आणि दुसरा हिंडून. लंडनच्या डबल-डेकर बसमध्ये असे दोन माणूस रोज एकत्र प्रवास करत होते. मुंबईत १९३७ पासून धावलेल्या डबल-डेकर आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ सीटवर बसलेला. कंडक्टर तिकिटांसाठी खाली-वर, खाली-वर, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या.

लंडन ट्रान्सपोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिले आकडे हाती आले तेव्हा फरक स्पष्ट होता. तरी मॉरिस यांनी ते लगेच छापले नाहीत. योगायोग असेल, किंवा ड्रायव्हरच्या डोक्यावरचा रहदारीचा ताण असेल. म्हणून त्यांनी टपाल खात्याकडे मोर्चा वळवला. तिथेही पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन, खुर्चीत बसणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर यांच्यात तसाच फरक निघाला.

१९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. हृदयविकाराचं वर्षाचं प्रमाण ड्रायव्हरांत हजारी २.७ आणि कंडक्टरांत हजारी १.९. कंडक्टरला आजार झालाच तर उशिरा व्हायचा, आणि झटक्यानंतर लगेच दगावण्याचं प्रमाणही साधारण निम्मं होतं.

विजारीचा घेर आणि वारीतला प्रश्न

इथे एक खोडा आहे, आणि तो मॉरिस यांनी स्वतःच शोधला. लंडन ट्रान्सपोर्ट आपल्या लोकांना गणवेश शिवून द्यायचं, त्यामुळे शिंप्यांकडे प्रत्येकाच्या कमरेचं माप होतं. मॉरिस यांनी ती मापं मागवली. १९५६ च्या त्यांच्या निबंधाचा विषयच गणवेश हा आहे. त्यातून दिसलं की ड्रायव्हरांच्या विजारी कंडक्टरांपेक्षा ढगळ होत्या, आणि हा फरक तरुण कामगारांतही होता. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात नोकरीला नव्याने लागलेल्या तरुणांतही वजनाचा आणि रक्तातल्या चरबीचा फरक सापडला.

म्हणजे कंडक्टर जिने चढून निरोगी राहिला, की मुळात चपळ माणूसच कंडक्टर झाला?

हाच प्रश्न आषाढात आपल्या रस्त्यांवरही पडतो. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारे सत्तरीतले वारकरी बघून आपण म्हणतो, चालतात म्हणून टिकलेत. असेलही. पण ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना धाप लागते, ते गावीच राहिलेले असतात. दिंडीत आपल्याला दिसतात ते येऊ शकलेले. चालण्यामुळे तब्येत की तब्येतीमुळे चालणं, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

मॉरिस यांनी आपल्या परीने त्याला उत्तर दिलं. सडपातळ असो, मध्यम असो की स्थूल, त्या-त्या मापाच्या कंडक्टरांत अचानक मृत्यूचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमीच भरलं. पुढे त्यांनी जवळजवळ १७,००० सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सगळे दिवसभर टेबलाशी बसणारे, म्हणजे कामामुळे पडणारा फरक मिटला. फक्त सुट्टीत कोण काय करतं ते विचारलं. १९७३ मध्ये निष्कर्ष आला: पोहणं, जोरात चालणं, सायकल असं दम लागेल ते करणाऱ्यांत हृदयविकार कितीतरी कमी. नुसतं रमतगमत फिरण्याचा तसा फायदा त्या अभ्यासात दिसला नाही.

मॉरिस स्वतः लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पळायचे. तेव्हा मोठ्या माणसाने विनाकारण पळणं हे लोकांना वेडेपणाचं वाटे. २००९ मध्ये ते वारले, तेव्हा ९९ वर्षांचे होते. अर्थात एका माणसाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच सगळ्यांत आधी सांगितलं असतं.

विजारीच्या खोड्यातून पूर्ण सुटायचं, तर माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याची त्याच्याशीच करायला हवी. हेच शरीर आधी आणि हेच शरीर नंतर. त्यासाठी डॅलसला परत जाऊ.

तीन आठवडे आणि तीस वर्षं

१९९६ मध्ये संशोधकांनी त्या पाचही जणांना पुन्हा बोलावलं. पाचही आले. आता ते पन्नाशीत होते, आणि पन्नाशीतल्या माणसांचं होतं तेच त्यांचं झालं होतं. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेलं. शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्के, म्हणजे दुप्पट.

मग तीच चाचणी झाली. तीस वर्षांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता किती घटली होती? फक्त ११-१२ टक्के.

विशीत तीन आठवडे अंथरुणात काढल्यावर ती २६ टक्के घटली होती. म्हणजे तीस वर्षांच्या वयाने त्या शरीरांचं जेवढं नुकसान केलं, त्याच्या दुपटीहून जास्त नुकसान तीन आठवड्यांच्या आरामाने केलं होतं.

त्यानंतर त्यांना सहा महिन्यांचा व्यायाम दिला. चालणं, हळू पळणं, स्थिर सायकल. सुरुवात अगदी थोडक्याने, मग हळूहळू वाढवत आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास. या वेळी १९६६ सारखा कस लावला नव्हता. सहा महिन्यांनी पाचही जणांचा सरासरी आकडा विशीतल्या सुरुवातीच्या आकड्याला येऊन भिडला.

ही बातमी 'व्यायाम करा, पुन्हा तरुण व्हा' अशा थाटात पसरली. खरी गोष्ट त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. विशीत आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर त्यांनी जी उंची गाठली होती, तिथे पन्नाशीत कुणीच पोचलं नाही. वजनही चार-साडेचार किलोच उतरलं. आणि आतलं यंत्र बदललेलं होतं. नाडीचा कमाल वेग वयानुसार कमी होतो, तो परत आला नाही. विशीत व्यायामाने हृदय जास्त रक्त फेकू लागलं होतं. पन्नाशीत हृदय तेवढंच रक्त देत राहिलं, पण स्नायू त्या रक्तातून जास्त ऑक्सिजन उचलायला शिकले. आकडा तोच, पण शरीराने वेगळ्या वाटेने गाठलेला.

त्यांची आणखी एकदा तपासणी झाली, साठीत. तेव्हा घसरण वाढली होती. विशीच्या तुलनेत चाळीस वर्षांत २७ टक्के. म्हणजे त्या तीन आठवड्यांशी बरोबरी करायला म्हातारपणाला चाळीस वर्षं लागली.

पाच माणसांचा प्रयोग तो केवढासा, असं कुणी म्हणेल, आणि तसं म्हणायला जागा आहे. पण त्याने एक गोष्ट वेगळी काढून दाखवली. आपण ज्याला 'वय झालं' म्हणतो, त्यात दोन वेगळे हिशेब मिसळलेले असतात. एक वयाचा, आणि एक न हलण्याचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दम लागतो, पाय थरथरतात, जिना नको वाटतो. पण पहिला हिशेब फेडता येत नाही, दुसरा बराचसा फेडता येतो.

नव्वदीत वजन उचलणारे

पन्नाशी ठीक आहे. पण नव्वदी?

वयाबरोबर स्नायू झडतात. हातापायाच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी कमी होतात, त्यांच्यामागे स्नायूंचे तंतू जातात, आणि पटकन ताकद लावणारे तंतू जास्त बारीक होतात. तोल गेल्यावर सावरायला लागतात ते नेमके हेच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अर्विन रोझेनबर्ग यांनी या झडण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीकमधून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ 'मांसाची कमतरता'. नाव मिळाल्यावर त्याच्याकडे उपचार करण्याजोगी गोष्ट म्हणून बघता येऊ लागलं.

त्याच सुमाराला बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी दहा रहिवासी निवडले. सरासरी वय ९०. बहुतेकांना एकापेक्षा जास्त आजार, काही काठीशिवाय न चालणारे. अशांना तेव्हा फार तर खुर्चीत बसून हात हलवायला सांगत. फियातारोने यांनी त्यांच्याकडून वजनं उचलून घेतली, तीही लुटुपुटीची नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्के वजन, पाय गुडघ्यातून सरळ करत, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली.

आठ आठवडे नऊ जणांनी पुरे केले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. दोघांनी काठी सोडली. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी शंभर जणांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. सरासरी वय ८७. पुन्हा तेच दिसलं. काही जणांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांची ताकद वाढली नाही.

पहिल्या निबंधात आणखी एक आकडा आहे, जो बातम्यांतून सहसा गळतो. व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीतली मोठी घट झाली, कमाल ताकद ३२ टक्क्यांनी खाली आली. शरीर नव्वदीतही शिकतं. विशीत अंथरुणात पडल्यावर ते जितक्या पटकन विसरलं होतं, तितक्याच पटकन नव्वदीतही विसरतं.

"तुम्ही बसा, मी करते"

हा सगळा इतिहास वाचताना मला सारखी आपली घरं दिसत होती. वडील बाजारातून भाजी आणायला निघतात, आपण म्हणतो, "राहू द्या बाबा, मी ॲपवरून मागवतो." आजी खाली बसून भाजी निवडत असते, आपण तिला खुर्ची देतो. मग पाण्याचा तांब्या हातात देतो. मग जेवणाचं ताट खोलीत नेऊन देतो. यातली प्रत्येक गोष्ट मायेने केलेली असते. शेजारीही म्हणतात, पोरं किती करतात हो!

वर्षभराने आजीला जमिनीवरून उठता येत नाही. आपण म्हणतो, वय झालं.

कधी ते खरंही असतं. गुडघ्याची झीज, हृदयाचं दुखणं, पडून मोडलेला खुबा, यांत आराम केव्हा आणि हालचाल केव्हा हे डॉक्टरच सांगतील. फियातारोने यांच्या नव्वदीतल्या लोकांजवळही प्रत्येक वेळी कुणीतरी उभं असायचं. आणि ज्यांचं आयुष्य शेतात किंवा दुसऱ्याच्या घरची भांडी घासण्यात गेलं, त्यांना आता खाटेवर टेकावंसं वाटलं, तर त्यांना डॅलसचे आकडे ऐकवणं हा उद्धटपणा होईल. त्यांच्या शरीराने आराम पाहिलेलाच नाही.

पण ज्या घरात आराम परवडतो, त्या घराने एवढं तरी तपासावं की आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातून जे काम काढून घेतो, ते त्यांना जमत नाही म्हणून, की आपल्याला बघवत नाही म्हणून. दुसरं कारण असेल, तर आपण त्यांच्या शरीराकडून एक-एक सराव काढून घेत आहोत. डॅलसचे तरुण तीन आठवड्यांनी उठले, कारण त्यांना उठायला सांगणारं कुणीतरी होतं. आपल्या घरातल्या माणसाला आपण बहुतेक वेळा उलटंच सांगतो.

उद्या बाबा पिशवी घेऊन निघाले, तर जाऊ द्यावं. फार काळजी वाटली तर आपणही चप्पल घालून बरोबर जावं. येताना पिशवी त्यांच्याच हातात राहू द्यावी, बटाटे आपण घ्यावेत.